वैजूआत्याचं प्रस्थान

“आत्या, बोटीवर तुझा बॉयफ्रेंड आहे का गं?”

रविवारची दुपार होती, ताटात मटारभात होता, आणि समोर आई-बाबा होते. प्रश्न माझा नव्हताच मुळी. केतकी आणि अल्फिया या माझ्या दोन दिव्य मैत्रिणींनी मला आव्हान दिलं होतं. “विचारून दाखव. नाही विचारलंस तर उद्या भूगोलाच्या तासाला कॅमेरा चालू करून लावणी म्हणायची.” आता मी बारावीत आहे, तेव्हा आठवीत होते. शाळा ऑनलाइन भरायची आणि जवळजवळ दोन वर्षं मी म्यूटवर बसून काढली होती. हजेरीचं ‘येस टीचर’सुद्धा टाइप करायचे. तेव्हा लावणीपेक्षा आत्या परवडली.

आईच्या हातातला डाव पातेल्यावर वाजला. “मिनू! जेवताना काय हे बोलणं?”

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मीच कुणाचा तरी हात धरून बोटीवर चढणार होते.

वैजूआत्याने लोणच्याची फोड शांतपणे चोखली आणि म्हणाली, “एक कुठला गं, सहा आहेत. सहाच्या सहा ओव्हन. वेळेवर तापतात, वेळेवर थंड होतात, आणि मी आत ठेवीन ते मुकाट्याने फुगवून देतात. असा नवरा दाखव मला अख्ख्या सांगलीत.”

मला हसून ठसका लागला. आत्याने माझ्या पाठीवर थापटलं आणि थापटता थापटताच म्हणाली, “बरं झालं विषय काढलास. आज सांगणारच होते. दादा, वहिनी, मला जॉइनिंग आलंय.”

वैजूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. एका भल्यामोठ्या क्रूझवर ती बेकरीत काम करायची. हजारो प्रवासी झोपेतून उठायच्या आत त्यांचे पाव, केक, क्रोसाँ सगळं तयार ठेवायचं. कोविड आला, जगभरच्या क्रूझ बंद पडल्या आणि तिची बोट एका बंदराबाहेर महिनोन्‌महिने नुसती उभी राहिली. तिथून कशीबशी सुटून ती सांगलीला आमच्या फ्लॅटवर आली, ती राहिलीच. ‘वैजू आहे म्हणून बरं’ हे वाक्य आमच्या घरात रोज कुणीतरी म्हणायचं. मीसुद्धा म्हणायचे.

“कुठून बसायचं बोटीत?” बाबांनी विचारलं.

“बार्सिलोना. पुढच्या पुढच्या बुधवारी सुटतेय. आणि दादा, या वेळी असिस्टंट नाही. बेकरीची प्रमुख म्हणून बोलावलंय.”

मी एकटीच किंचाळले. आई म्हणाली, “अगं, पण तिसरी लाट चालू आहे ना.” बाबा म्हणाले, “जरा भात वाढ.”

आणि आत्याने वाढला. बेकरीच्या प्रमुखांनी!

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचा विमानतळ झाला आणि मी त्याची कंट्रोल रूम. बोटीवर माणसं पाठवणारी एजन्सी अंधेरीत होती. तिथले फुर्टाडो साहेब तिकीट काढायचे, आणि विमान कंपनी ते रद्द करायची. आधी मुंबई ते दोहा आणि दोहा ते बार्सिलोना ठरलं. दोन दिवसांत दोहाचं विमान गेलं. मग फ्रँकफर्टवरून ठरलं, पण तिथे एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला जेमतेम तासभर.

“तेवढ्यात तर तपासणीसाठी काढलेले बूटही माझ्या पायात परत जायचे नाहीत,” आत्या म्हणाली.

मग फुर्टाडो साहेबांनी ते बदललं. मग टेस्टचा नियम बदलला. स्पेनचं एक, जर्मनीचं दुसरं, आपल्याकडचं तिसरंच. संध्याकाळी लागू असलेला नियम सकाळी जुना झालेला असायचा. मी शाळेच्या लॅपटॉपवर एका खिडकीत भूमितीच्या बाई आणि दुसऱ्या खिडकीत विमानं अशी बसायचे. बाई प्रमेय सिद्ध करत असत तेव्हा मी बोटीचा मार्ग पाठ करत असे. बार्सिलोनाहून दुसऱ्या दिवशी मार्सेल, मग जेनोव्हा, मग खाली नेपल्स आणि फिरून परत बार्सिलोना.

“म्हणजे आत्या, बार्सिलोना हुकलं तर पुढच्या थांब्यावर गाठायची. एसटीसारखं!”

“एसटीचा तर संपच चाललाय की गं.”

“अगं, तसं म्हणजे तसं!”

“हुकवायची नाहीये पण.” आत्या पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. “एकदा जॉइनिंग चुकलं की नाव यादीच्या तळाला जातं, मिनू. तिथून वर यायला वर्षं लागतात. मी छत्तीसची आहे. आत्ता गेले तर गेले, नाहीतर मग हेच.”

‘हेच’ म्हणताना तिने समोरच्या ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर आमच्या चौघांचे चहाचे कप पडले होते. सकाळपासूनचे.

बाबा या सगळ्यात कुठेच नव्हते. “हे काही जमायचं नाही” एवढंच ते पेपराआडून म्हणायचे. पण शुक्रवारी एक तिकीट टिकलं. मंगळवारी पहाटे मुंबईहून निघायचं होतं. आणि त्या संध्याकाळी बाबा चक्क उठून कॅलेंडरपाशी गेले.

“मंगळवार,” ते म्हणाले. “आणि त्यात अमावस्या.”

मला हसूच आलं. बाबा इंजिनियर. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली म्हणून शोरूमवाल्याशी भांडलेला माणूस! त्यांनी अमावस्या कधीपासून बघायला सुरुवात केली?

“माझा काही विश्वास नाही,” बाबा आत्याला म्हणाले. “पण आपल्या आईचा होता, वैजू. ती असती तर तिने प्रस्थान ठेवल्याशिवाय तुला उंबरठा ओलांडू दिला नसता. ठेवूया आपण. मीच करतो सगळं.”

आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन आठवड्यांत भाऊ पहिल्यांदा तिच्या जाण्याविषयी काही बरं बोलला होता.

मला प्रस्थान म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. आत्याने सांगितलं, “वाईट दिवशी निघायची वेळ आली ना, की त्याआधी एखाद्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण त्याच दिवशी प्रवासाला निघालो, असं धरायचं. मग जाताना ते उचलायचं आणि थेट वाटेला लागायचं. अट एकच. एकदा बाहेर ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडतो.”

“म्हणजे देवाला चक्क गंडवायचं!”

“देवाला नाही गं, पंचांगाला. देवाला सगळं कळतं, तो बोलत नाही इतकंच.”

रविवारी सकाळी बाबांनी आत्याची निळी हँडबॅग पुढ्यात घेतली. तांदूळ आणि सुपारी एका रुमालात बांधून आत ठेवली. मग म्हणाले, “पूर्वीचे लोक हे ठेवायचे, कारण वाटेत रांधून खायचं असायचं. आता प्रवास कशावर होतो? पासपोर्टवर! खरं प्रस्थान त्याचं ठेवायला पाहिजे.” आणि आत्याचा पासपोर्ट, त्यावरचा व्हिसा, बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक, सगळं त्यांनी त्या बॅगेत घातलं. मला वाटलं, काय भारी डोकं चालतं आपल्या बाबांचं!

बॅग गेली तळमजल्यावर शेवडे काकूंकडे. काकू निवृत्त ग्रंथपाल. एकट्या राहायच्या, आणि कोविडला इतक्या घाबरायच्या की वर्तमानपत्रालाही इस्त्री करून मगच वाचायच्या. पण प्रस्थान म्हटल्यावर त्यांनी दोन मास्क लावून दार उघडलं, बॅग देवघरापाशी ठेवली आणि आत्याच्या हातावर लांबूनच दहीसाखर ठेवली. चमचा त्यांनी नंतर फेकून दिला, हे मी पाहिलं. त्याच दुपारी आत्याने टेस्ट दिली. सोमवारी बाराला मुंबईची गाडी सांगितलेली होती.

सोमवारी सकाळी रिपोर्ट आला. निगेटिव्ह! मी आत्याला धरून स्वयंपाकघरात गोल गोल फिरवत होते, तेवढ्यात बाबा दुधाच्या पिशव्या घेऊन वर आले आणि दारातच थांबले.

“वाईट बातमी आहे. शेवडे काकू पॉझिटिव्ह.”

आत्या जागच्या जागी थांबली. “काय?”

“काल रात्री ताप भरला म्हणे. रिपोर्ट आला सकाळी. आता आठवडाभर दार उघडणार नाहीत.”

“अहो बाबा, पण बॅग!”

“तेच सांगतोय. बॅग आत आहे.”

“मग खिडकीतून घेऊ की. मी सॅनिटायझरने आंघोळ घालते पासपोर्टला.”

“कुणीही खाली जायचं नाही!” बाबा एकदम ओरडले. “वैजू काल त्यांच्या दारात उभी होती. आणखी संपर्क नको. उद्या विमानतळावर परत टेस्ट करतील, तिथे निघाली पॉझिटिव्ह तर? परक्या मुलखात चौदा दिवस खोलीत डांबतील तिला. परत एकदा तेच.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “वैजू, कदाचित हेच व्हायचं असेल गं. आपण प्रयत्न केला ना.”

मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही भांडेल, रडेल, निदान एखादा कप तरी आपटेल. तिने परातीत पीठ घेतलं, मधे खळगा केला, पाणी ओतलं आणि कणीक मळायला लागली. मोठी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. प्रवासाचे बूट पायात होते. आणि ती आमच्या दुपारच्या पोळ्यांची कणीक मळत होती.

“आत्या, अगं काहीतरी कर ना!”

“काय करू, मिनू? त्या म्हाताऱ्या बाईंच्या जिवावर उठू? त्यांना बरं वाटू दे आधी.”

आई बेडरूममध्ये तिच्या शाळेचा तास घेत होती. बाबा गॅलरीत जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होते. माझ्या डोक्यात अशी आग पेटली की बस. कोविडवर, अमावस्येवर, फुर्टाडो साहेबांवर, सगळ्या जगावर! मी सॅनिटायझरची मोठी बाटली आणि जाळी काढायचा लांब झाडू उचलला आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.

शेवडे काकूंची खिडकी पार्किंगमध्ये उघडते. मी लांबून झाडूच्या दांड्याने गजांवर टकटक केलं. पडदा सरकला. आत काकू दोन मास्क आणि वर प्लास्टिकचं शील्ड लावून उभ्या होत्या.

“काकू, बरं वाटतंय का आता?” मी ओरडून विचारलं.

“मला काय झालंय? तू मागे हो आधी! आणखी मागे. त्या स्कूटरच्या पलीकडे उभी राहा.” मग काळजीने म्हणाल्या, “वैजूचा ताप उतरला का गं?”

“आत्याला कुठे ताप आहे? तुम्हाला आहे ना ताप?”

“मला? मला साधी शिंक आलेली नाही, मिनू. ताप तुमच्या घरात आहे. तू बाहेर कशी फिरतेस? लाज वाटत नाही?”

“काकू, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. आत्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. तुमचा पॉझिटिव्ह आलाय!”

“कुणी सांगितलं तुला?”

“बाबांनी.”

काकूंनी शील्ड वर केलं. एक मास्क खाली ओढला. मला म्हणाल्या, “इकडे ये.” मी स्कूटरच्या अलीकडे आले.

“काल रात्री तुझ्या बाबांचा, हेमंतचा मला फोन आला,” त्या म्हणाल्या. “म्हणाला, वैजू पॉझिटिव्ह आहे, आम्ही सगळे घरात बंद. वैजूचं जाणं रद्द झालंय. तुम्ही आठवडाभर दार उघडू नका, आमच्यापैकी कुणी आलंच तर बोलू नका. बॅग राहू दे तिथेच. मी रात्रभर झोपले नाही, पोरी. दहीसाखरेची वाटी तीनदा धुतली.”

मी म्यूट. खरोखरीचं म्यूट.

“म्हणजे मला सांगितलं वैजू आजारी, आणि वैजूला सांगितलं मी आजारी,” काकू एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. “अस्सं. थांब तिथेच.”

त्या आत गेल्या. निळी बॅग दोन गजांच्या मधून जाईना, म्हणून त्यांनी चक्क दार उघडलं. आठवडाभरासाठी बंद केलेलं दार! बॅग माझ्या हातात ठेवली. मी चेन उघडून बघितलं. तांदूळ, सुपारी, पासपोर्ट, पुस्तक, सगळं होतं.

“जा, पळ वर,” काकू म्हणाल्या.

मी जिन्याकडे धावले आणि पहिल्याच पायरीवर थबकले. ठेवलेलं प्रस्थान परत घरात न्यायचं नाही. पंचांगाबिंचांगाचं मला काही पडलेलं नव्हतं. पण ही बॅग पुन्हा त्या दारातून आत गेली तर बाहेर येणार नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं.

मी पार्किंगच्या मधोमध उभी राहिले आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली. “आत्याऽऽ! खाली ये! सामान घेऊन ये! प्रस्थान हललंय!”

चार गॅलऱ्यांत माणसं आली. आमच्या गॅलरीत बाबा आले, माझ्या हातात बॅग बघितली आणि आत गेले. मग जिन्यावर पावलं वाजली. पुढे आत्या, हाताला कणीक तशीच. मागे बाबा. त्यांच्या मागे कानात इअरफोन लोंबत असलेली आई.

“काकूंना काहीही झालेलं नाही,” मी म्हणाले. “बाबांनी त्यांना सांगितलं तू पॉझिटिव्ह आहेस. आणि तुला सांगितलं त्या पॉझिटिव्ह आहेत.”

आत्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. मग तिने बाबांकडे पाहिलं.

“दादा?”

“वैजू, वर चल. लोक बघतायत.”

“बघू देत. दादा, खरं आहे हे?”

“तुझ्या भल्यासाठी केलं!” बाबांचा आवाज चढला. “दोन वर्षांपूर्वी काय झालं विसरलीस? समुद्रात अडकून पडली होतीस. इथे आमच्या घशाखाली घास उतरत नव्हता. परत त्याच तोंडात जायचं? समजावून तू ऐकत नाहीस, मग मी काय करायचं होतं?”

“नाही म्हणायचं होतंस. तोंडावर.”

“तू थांबली असतीस?”

“नसते थांबले,” आत्या म्हणाली. “म्हणून आईचं नाव घेतलंस होय? मला वाटलं, दादाला निदान एवढं तरी वाटलं. रडले मी, दादा. त्या रुमालाची गाठ तू मारत होतास तेव्हा रडले.”

बाबांनी वरच्या गॅलऱ्यांकडे बघितलं.

“अडकले होते, बरोबर आहे तुझं,” आत्या पुढे म्हणाली. “पण त्या बोटीवर मला निदान माहीत होतं की मी अडकलेय.”

मी घड्याळाकडे बघितलं. “आत्या, भांडण गाडीत कर. बाराची गाडी येईल आता.”

“गाडी येणार नाही,” बाबा पुटपुटले. “मी नको म्हणून सांगितलंय. आणि एजन्सीलाही कळवलंय.”

म्हणजे गॅलरीतला तो हळू आवाज! आत्याने कणकेच्या हातानेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मॅडम, तुमच्या भावाने सांगितलं घरची अडचण आहे, येत नाहीत,” फुर्टाडो साहेब म्हणाले. “तुमची विमानातली सीट मी दुसऱ्या मुलीला दिली. आता पुढच्या वर्षी बघू. सॉरी.”

मी तिच्या हातातून फोन घेतला. दोन वर्षं वर्गात ‘येस टीचर’ न म्हणालेली मी, त्या दिवशी इंग्रजीत तावातावाने सुरू झाले.

“सर, मी तिची भाची बोलतेय. अडचण खोटी होती. ती यायला तयार आहे, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पासपोर्ट हातात आहे. बार्सिलोना गेलं तर जाऊ दे. बोट गुरुवारी मार्सेलला लागते ना?”

“लागते. पण...”

“मग मार्सेलला चढेल. तिथे चढणारं दुसरं कुणी आहे का तुमच्या यादीत?”

पलीकडे कळफलक खडखडला. “गोव्याचा एक मुलगा होता. पॅरिसवरून मार्सेल. आज सकाळी पॉझिटिव्ह निघाला तो. पण बेबी, ते विमान बुधवारी पहाटेचं आहे. उद्या दुपारपर्यंत मॅडम माझ्या ऑफिसात दिसल्या पाहिजेत. मुंबईत टेस्ट परत होईल. नाही दिसल्या तर मी जबाबदार नाही.”

“दिसतील!” मी म्हणाले. “आणि सर, यापुढे तिच्याविषयी दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. फक्त तिचं.”

“ओके, ओके,” ते घाईघाईने म्हणाले. फोन ठेवल्यावर शेवडे काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग आठवण होऊन हातांना सॅनिटायझर लावलं.

अल्फियाचे अब्बू इनोव्हा चालवायचे, पुणे-मुंबईची भाडी करायचे. मी अल्फियाला फोन केला. ती म्हणाली, “आधी सांग, बॉयफ्रेंडचं विचारलंस का परत?” मी म्हणाले, “गाढवे, अब्बूंना दे.” अब्बू म्हणाले, “बेटा, दहा मिनिटांत पोहोचतो. फुप्पीला सांग, डबा बांधू नको, वाटेत जेवू.”

आत्या पार्किंगमधल्या नळाखाली हात धूत होती. वाळलेली कणीक निघता निघत नव्हती. मी तिची मोठी बॅग जिन्यावरून खाली ओढून आणली. आई अजून तशीच उभी होती, इअरफोन गळ्यात.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“फोनचं नव्हतं माहीत,” आई म्हणाली. “ती जाऊ नये असं मात्र वाटत होतं. खोटं कशाला बोलू. माझे तास सकाळी सातला सुरू होतात, मिनू. वैजू होती म्हणून मी नोकरी टिकवली. नाश्ता, जेवण, धुणं, तुझ्या बाबांचा कोविड, सगळं तिनेच निभावलं. ती गेल्यावर कसं होणार, याच विचाराने मी गप्प राहिले.” मग तिने डोळे पुसले आणि बाबांच्या दंडाला हात लावला. “अहो, जाऊ दे तिला. पुरे झालं. मिनू मोठी झालीये आता. पोळ्या येतात तिला, भातही लावते. ती बघेल घरातलं. आपण घेऊ सांभाळून.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. किती सहज पाहिलं! इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला. “हो,” ते म्हणाले, “मिनू आहे की.”

आत्याने नळ बंद केला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तिने त्या दिवशी ओट्याकडेही पाहिलं नव्हतं.

फाटकाशी अब्बूंच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी आत्याची मोठी बॅग डिकीत टाकली, निळी बॅग तिच्या खांद्याला अडकवली, तिला मागच्या सीटवर बसवलं आणि तिच्या शेजारचं दार उघडून आत एक पाय टाकला.

“तू कुठे निघालीस?” बाबांनी विचारलं.

“मी हिला मुंबईला सोडायला जातेय,” मी म्हणाले. “ती विमानतळाच्या आत गेलेली माझ्या डोळ्यांनी बघणार, मग अब्बूंबरोबर परत येणार. आणि आई, बाबा, आत्ताच सांगून ठेवते. मी आत्याच्या जागेवर येणार नाहीये. जेवढं काम आहे ते तिघांत वाटायचं. भात माझा, नाश्ता आईचा, आणि संध्याकाळच्या पोळ्या बाबांच्या. आत्याने मळलेली कणीक वर परातीत आहे, आजपासूनच सुरुवात करा. गोल नाही झाल्या तरी मी खाईन.”